जनरेटरच्या ट्रॉलीची चाकं बॅलन्स करताना: कामाच्या नोंदी

ट्रॉली दोन चाकांची, एका एक्सलची. वर १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर कायमचा बोल्ट केलेला. चौकोनी बारचा एक्सल, त्याला जुन्या जीपचे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग), पाच स्टडच्या (चाक आवळायच्या बोल्टांच्या) डिस्क, म्हणजे टायरच्या आतल्या लोखंडी रिम, ६.००-१६ चे ट्यूबवाले टायर, खाली पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग). ब्रेक ड्रम नाही. ओढायला बोलेरो. सगळं मिळून काट्यावर साडेनऊशे किलो भरतं. धंदा मंडप-लाइटचा, त्यामुळे फिरणं बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी आणि पलीकडे चंदगडपर्यंत. आमच्या भागात अशा ट्रॉल्या पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची रड एकच आहे: पन्नासच्या वर गेलं की मागनं हादरे. ज्यांना चाकं बॅलन्स करायचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं काम घरच्या घरी करायचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गणपतीचा सीझन संपला. ट्रॉली धुऊन शेडमध्ये घेतली आणि काय काय मोडलंय ते बघितलं. मागच्या लाइटचे बल्ब सारखे जात होते, त्यातली तार तुटलेली सापडते. बॅटरीचा क्लॅम्प दर फेरीला ढिला. डिझेल फिल्टरच्या ब्रॅकेटला बोल्टाजवळ चीर गेलेली. जनरेटरचं एक रबर माउंटिंग फाटलेलं. यातली एकेक गोष्ट आली की आम्ही ती बदलत होतो. पण कारण एकच दिसतंय, ते खाली चाकात आहे.

उजव्या टायरवर हात फिरवला तर नक्षीत थोड्या थोड्या अंतरावर खड्डे लागतात. तळहात पुढं नेताना वर-खाली होतो. रस्त्याला सारखा घासून झिजलेला टायर असा लागत नाही. चाक उडतंय आणि उडून पडतं तिथं खातंय, त्याची ही खूण.

ट्रॉलीत माणूस बसत नाही. स्टेअरिंगलाही काही कळत नाही, कारण हादरा कपलिंगच्या पिनवर येऊन संपतो. ड्रायव्हरला समजेपर्यंत सामान मोडलेलं असतं. म्हणून एक युक्ती केली. दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हजवळ पांढऱ्या रंगाचा ठिपका मारला, बोलेरोच्या मागच्या बाजूला धाकट्या भावाला बसवलं आणि काकतीच्या पुढं हायवेवर मोबाइलवर स्लो मोशन काढायला लावलं. चाळीसला दोन्ही चाकं शांत. पंचावन्नला उजवं चाक उडायला लागलं. दर फेऱ्याला एकदा, आणि ठिपका दर वेळी त्याच जागी. दर फेऱ्याला एकदाच आणि एकाच जागी म्हणजे रस्त्याचा दोष नाही. डावं चाकही हलतं, पण त्याच्या निम्म्याहून कमी.

हे सांगितलं की सगळे म्हणतात, ‘ट्रॉलीला कुठं बॅलन्सिंग करतात होय?’ उसाच्या ट्रॉलीला करत नाहीत, बरोबर आहे. ती वीस-पंचवीसच्या वेगानं जाते. चाकाच्या कडेला ६० ग्रॅम जास्त असलं तर तिथं त्याचा ओढा अर्ध्या किलोच्या आतबाहेर. पण वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. ताशी ६० ला तेच ६० ग्रॅम अडीच किलोच्या वर ओढतात, आणि या मापाचं चाक तेव्हा सेकंदाला सात फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला सात वेळा कोणी अडीच किलोचा हातोडा मारतंय असं धरा. ट्रॅक्टरमागची ट्रॉली आणि बोलेरोमागची ट्रॉली यांना एकच नियम लागू होत नाही.

२५ सप्टेंबर

सरळ मार्ग आधी. दोन्ही चाकं काढून शहरातल्या एका टायरच्या दुकानात कॉम्प्युटर बॅलन्सिंगला दिली. चाक कोनवर चढवलं, फिरवलं, उजव्याला ११० ग्रॅम आणि डाव्याला ७० ग्रॅम चिकटपट्टीची वजनं लावली. दोन्ही चाकांचे ४०० रुपये. मशीनवर शून्य-शून्य आलं.

संध्याकाळी हायवेवर नेलं. फरक नाही. पंचावन्नला पुन्हा तेच.

परत जाऊन दुकानातल्या पोराला एवढंच सांगितलं, की चाक मशीनवर आहे तसंच ठेव, कोन ढिला कर, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळ आणि फिरव. आता मशीननं त्याच चाकाला दुसऱ्याच जागी ५० ग्रॅम मागितले. चाक तेच, वजनं तीच, फक्त चढवण्याची जागा बदलली. म्हणजे चाक मशीनवर मधोमध बसतच नाही.

कारण जीपच्या जुन्या डिस्कमध्ये आहे. तिचं मधलं भोक हबवर घट्ट बसायला केलेलं नाही, ते नुसतं मोकळं भोक आहे. चाक मध्यावर येतं ते पाच नटांच्या निमुळत्या तोंडामुळे. मशीनचा कोन मधल्या भोकात बसतो. ते भोक एक-दीड मिलिमीटर सरकलेलं असलं की सगळं चाक तेवढं सरकून फिरतं आणि मशीन त्या सरकण्याची भरपाई म्हणून वजन मागतं. हबवर चढल्यावर ते वजन उलट बोजा होतं. दुकानाचं मशीन कारसाठी ठीक आहे, आमच्या डिस्कसाठी त्याला स्टडची प्लेट (नटांच्या भोकांवरून चाक धरणारी) लागते आणि ती तिथं नव्हती.

कुणी जुन्या जीपच्या, किंवा स्टडवर मध्य धरणाऱ्या कुठल्याही डिस्क मशीनवर करत असेल तर ही अर्ध्या फेऱ्याची परीक्षा आधी घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी कळतं.

२९ सप्टेंबर, रविवार

गल्लीतल्या आबांना बोलावलं. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, लेथवर त्यांची सगळी नोकरी झाली. शेडमध्ये आले, उजवं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाले, ‘‘बाळ, वजनाचं मागनं बघूया की. आधी हब घट्ट हाय काय बघ, मग चाक गोल हाय काय बघ. गोल नसलेलं चाक कितीबी शिसं लाव, उडणारच.’’ पुढचं सगळं काम या क्रमानं केलं, आणि माझ्या मते या कामातली खरी किल्ली हीच आहे.

उजव्या हबला प्ले (ढिलाई) होता. चाक वरून ओढलं की टक् असा आवाज. हब उतरवला. बाहेरच्या बेअरिंगच्या कपावर (रोलर ज्यात फिरतात त्या कडीवर), वजन येतं त्या बाजूला, नखाला लागतील असे बारीक खड्डे. ग्रीस काळं आणि पातळ झालेलं, ऑईल सीलचं ओठ कडक. आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग बदललं. नवीन कोन (बेअरिंगचा रोलरवाला आतला भाग) जुन्या कपावर घालू नका. दुकानात तसं सुचवतात, पैसे वाचतात म्हणून. पण खड्डे कपावर आहेत, ते नव्या रोलरला खाणार.

डाव्या हबचं बेअरिंग चांगलं निघालं. धुऊन नवं ग्रीस आणि नवी सील.

हबचा मधला नट आवळण्याची आबांची पद्धत: हब हातानं फिरवत राहायचं आणि नट आवळत जायचा, हब जड फिरेपर्यंत. त्यानं रोलर आपल्या जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करायचा, बोटांनी पुन्हा टेकवायचा, आणि कॉटर पिनचं भोक जिथं जुळेल तिथं, ढिलाईच्या बाजूला, पिन घालायची. हब मोकळा फिरला पाहिजे आणि वर-खाली हलवला तर टक् नको. जास्त आवळलेलं टेपर बेअरिंग गरम होऊन जातं.

एक गोष्ट नवीन माणसाला माहीत नसते. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. आमच्याही आहेत, स्टडच्या तोंडावर ‘एल’ कोरलेलं आहे. ते न बघता पाइप लावून जोर केला तर स्टडच तुटतो. मागच्या मालकाच्या काळात एक तुटून तिथं सरळ आट्याचा स्टड बसवलेला सापडला. तो काढून उलट्या आट्याचा शोधून घातला, नाहीतर रात्री पंक्चर झाल्यावर कोणता नट कुठं फिरवायचा हेच कळत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आज गोलाई. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) नाही. विटांचा ठोकळा, त्यावर वेल्डिंगच्या सळईचा तुकडा तारेनं बांधला आणि टोक टायरच्या मधल्या नक्षीपासून केसभर लांब ठेवलं. चाक हळूहळू फिरवायचं, टोकाला घासेल तिथं खडू, जास्तीत जास्त फट पडेल तिथंही खडू. फट मोजायला फीलर गेज किंवा पत्र्याचे तुकडे चालतात. मग टोक टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणून तसंच पुन्हा.

डावं चाक: वर-खाली ३ मिमी, बाजूला २ मिमी. चालेल.
उजवं चाक: वर-खाली ७ मिमी, बाजूला ५ मिमी. इथं वजन लावून काही होणार नव्हतं.

आता दोष टायरचा की डिस्कचा? टायर उतरवून नुसती डिस्क हबवर चढवली आणि सळई तिच्या काठाला लावली. बाजूला ४ मिमी डिस्कचाच बाक. कधीतरी खड्ड्यात आपटलेली आहे. काठावर हातोड्यानं सरळ केल्याच्या जुन्या खुणा होत्या. शिवाय नटांच्या भोकांपैकी दोन लांबट झालेली. ढिल्या नटांवर गाडी चालली की असं होतं, आणि मग त्या भोकांवर मध्य धरणार कसा? ही डिस्क बाद.

भंगारात तीन डिस्क बघितल्या. तिथंच ट्रॉलीचा हब नेऊन, व्हाइसमध्ये धरून, एकेक चढवून फिरवली. भंगारवाले मामा बघत राहिले, पण फिरवू दिली. एक सरळ निघाली, दीड मिमीच्या आत. ६०० रुपये. घरी आणून तिचा हबवर टेकणारा भाग तारेच्या ब्रशनं पांढरा होईपर्यंत घासला. तिथं गंजाची एक पापडी राहिली तरी चाक तिरकं बसतं. रंग काठाला लावला, टेकणाऱ्या जागेला नाही.

उतरलेल्या टायरच्या आत हात घातला तर बाजूच्या भिंतीला गेटर लागला. कधी काळी कापलेल्या जागी आतून चिकटवलेला जाड रबरी तुकडा, तळहातापेक्षा मोठा, एका कडेनं सुटलेला. ओढून काढला आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. १८५ ग्रॅम. पंक्चरवाल्यानं गेटर लावताना टायर वाचवला, पण चाकाच्या एका अंगाला एवढं वजन कायमचं बसवून ठेवलं. गेटरखालची चीर दोऱ्यापर्यंत गेलेली होती. हा टायर स्पेअरमध्येही ठेवायचा नाही असं ठरवलं.

शिवाय त्याला एक सपाट जागा पडलेली होती. पावसाळ्यात ट्रॉली महिनोन्‌महिने एकाच जागी वजन घेऊन उभी असते. नव्या टायरची अशी सपाटी थोडं चाललं की गरम होऊन जाते, जुन्या टायरची जात नाही. आता पावसाळ्यात एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं अधांतरी ठेवणार.

९ ऑक्टोबर

नवा टायर आणि ट्यूब, ५,४०० रुपये. घेताना बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बघितले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानदारानं आधी काढलेला टायर दोन वर्षांपूर्वीचा होता, परत ठेवायला सांगितला. टायरवर पिवळा ठिपका होता. ती टायरची हलकी जागा. व्हॉल्व्ह जड असतो, म्हणून तो ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून टायर चढवला. एवढ्यानंही नंतर लावायचं वजन कमी होतं.

ट्यूबच्या टायरला आणखी एक काम आहे. ट्यूब आत दुमडून राहिली की त्या जागी रबर दुप्पट, आणि बॅलन्सिंग कधीच स्थिर राहत नाही. चार दिवस चाललं की घडी सरकते आणि जड जागा बदलते. ट्यूबला फ्रेंच चॉक (ट्यूब चिकटू नये म्हणून लावायची पावडर) लावली, थोडी हवा भरून व्हॉल्व्ह सरळ केला, पूर्ण हवा भरून टायरचा काठ डिस्कवर सगळीकडून सारखा बसलाय का ते त्या काठाजवळच्या रेघेवरून बघितलं, मग सगळी हवा सोडली आणि पुन्हा भरली. दुसऱ्यांदा भरताना ट्यूब मोकळी पसरते. डाव्या चाकाचंही तसंच केलं. त्याच्या आत मूठभर लाल मातीची पूड आणि गंज निघाला.

नव्या चाकाची गोलाई: वर-खाली २ मिमी, बाजूला दीड. आता वजनाकडे वळायला हरकत नाही.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला. उद्यमबागेत खंडेनवमीची पूजा मांडलेली मशिनं पुन्हा चालू झाली, म्हणून आज लेथवर जाता आलं.

पहिला विचार असा होता, की ट्रॉलीच्याच हबवर चाक बॅलन्स करावं. ब्रेक नाही, मोकळं फिरतं. करून बघितलं. ग्रीस आणि सील इतकी धरून ठेवतात, की कडेला ५० ग्रॅम लावलं तरी चाक आपल्या वजनानं हलत नाही. काही लोक हबचं ग्रीस धुऊन, पातळ तेल घालून, सील काढून करतात. जमतं, पण नंतर हब पुन्हा उघडून भरावा लागतो. त्यापेक्षा वेगळी प्लेट बरी, ती कायम राहते.

प्लेट अशी. १२ मिमीची गोल लोखंडी प्लेट, त्यात पाच स्टड, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. हे माप साडेपाच इंच आहे, जुन्या जीपचं. पाच स्टडचं वर्तुळ मोजायला समोरासमोर स्टड नसतात, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं आणि १.७ नं गुणायचं. आमचं ८२ मिमी भरलं, म्हणजे बरोबर. मध्ये २० मिमीचा ब्राइट बार आरपार, आणि दोन्ही टोकांना ६२०४ नंबरचं बेअरिंग, दोन घोड्यांवर ठेवलेलं. चाक प्लेटला त्याच निमुळत्या नटांनी आवळायचं, म्हणजे ते हबवर बसतं तसंच इथं बसतं.

आधी बार प्लेटला वेल्ड केला होता. वेल्डिंगनं प्लेट ओढली गेली आणि काठाला दीड मिमी वाकली. लेथवाल्या अण्णांनी मग दुसरी पद्धत काढली. प्लेटला मागून बुश (नळीसारखा तुकडा) वेल्ड केला, थंड होऊ दिला, आणि त्यानंतर एकाच पकडीत बुशचं भोक आणि प्लेटचा फेस (पुढची सपाट बाजू) दोन्ही मारले. बार त्यात दाबून बसवला. एकदा लेथच्या चकमधून काढून पुन्हा पकडलं तर फेस आणि भोक एकमेकांशी काटकोनात राहत नाहीत, म्हणून पकड एकच हवी हे त्यांनी मला, कन्नड-मराठी मिसळत, दोनदा बजावून सांगितलं. स्टडची भोकंही त्याच दिवशी इंडेक्स करून (वर्तुळाचे सारखे भाग पाडून) पाडली. प्लेटचं काम १,४५०, बार आणि बेअरिंग ४८०.

२० ऑक्टोबर, रविवार

बेअरिंगची रबरी झाकणं टाचणीनं काढली, पेट्रोलनं धुऊन आतलं ग्रीस घालवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. नुसती प्लेट फिरवून बघितली. ती दर वेळी वेगळ्या जागी थांबली, म्हणजे तिचं स्वतःचं वजन सारखं आहे. मग कडेला एक छोटा नट चिकटवला की तेवढ्यानंही खाली झुकत होती. जिगची, म्हणजे या प्लेट-बारच्या सांगाड्याची, अशी परीक्षा घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

चाक चढवण्याआधी नक्षीतले सगळे खडे काढले, जुनी वजनं आणि त्यांचा डिंक खरवडला. शेडचं दार लावलं, पंखा बंद. साध्या वाऱ्यानंही चाक फिरतं आणि फसवतं.

पद्धत: चाक हलकं ढकलायचं आणि आपोआप थांबू द्यायचं. खाली येईल तिथं खडू. दुसऱ्या बाजूला ढकलून पुन्हा. खुणा एका ठिकाणी जमल्या की ती जड जागा. तिच्या बरोबर समोर, वरच्या काठाला, वजन लावत जायचं. वजनं लावून-काढून बघायला दहा रुपयांची नाणी चिकटपट्टीनं लावली. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, हिशेब सोपा जातो. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच राहिलं की झालं. शेवटी थोडंसं जास्त होतंय असं वाटलं तर वजन कमी करण्याऐवजी त्याचे दोन भाग करून जागेपासून दोन्हीकडे सारखं सरकवायचं. जितकं लांब सरकवाल तितका जोर कमी होतो. त्यानं अगदी बारीक जुळवता येतं.

उजव्याला ३५ ग्रॅम लागले. डाव्याला ७५. दुकानातल्या मशीननं उजव्याला ११० मागितले होते, ते वाकडी डिस्क, सपाट टायर, गेटर आणि मशीनवर मधोमध न बसलेलं चाक सगळ्यांचं मिळून होतं.

पक्क्या वजनांसाठी ठोकायची क्लिपवाली घेतली, २२० रुपयांची. चिकटपट्टीची आमच्या गंजलेल्या डिस्कवर टिकत नाहीत. खानापूरच्या पावसात आणि चिखलात तर नाहीच. वजन निम्मं बाहेरच्या काठाला आणि निम्मं आतल्या काठाला लावलं. सगळं एकाच बाजूला लावलं तर चाक वर-खाली उडायचं थांबतं, पण आडवं डुलायला लागतं.

याची मर्यादाही सांगतो. असं उभं धरून केलेलं बॅलन्सिंग फक्त वर-खाली उडणं काढतं. आडवं डुलणं मोजायला फिरतं मशीनच लागतं. सहा इंच रुंदीच्या टायरला, साठ-पासष्टच्या वेगाला आणि स्टेअरिंग नसलेल्या एक्सलला हे पुरतं. रुंद टायर असेल किंवा ऐंशीनं न्यायची असेल तर ज्या दुकानात स्टडची प्लेट आहे तिथंच जावं.

२७ ऑक्टोबर, रविवार

काकती, पुढं वंटमुरी घाट, हत्तरगीच्या अलीकडून परत. भाऊ पुन्हा मागं, मोबाइल घेऊन. पंचावन्नला उजवं चाक शांत. साठलाही. व्हिडिओत ठिपका फिरताना दिसतो आणि मडगार्ड आणि टायरमधली फट बदलत नाही. हे बघून फार बरं वाटलं.

पण घाट उतरल्यावर कपलिंगमध्ये एक वेगळाच झटका जाणवला. चाकाच्या फेऱ्याशी जुळत नव्हता, त्याहून सावकाश. थांबून बघितलं तर डाव्या पाट्याचे यू-बोल्ट ढिले, आणि एक्सल मागं सरकल्याची घासलेली चमक पाट्यावर. कपलिंगच्या पिनपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावला. डावीकडे ९ मिमी जास्त. ट्रॉली तिरकी चालत होती आणि सारखी सरळ व्हायला झटके घेत होती. घरी येऊन मापं जुळवली, नवे यू-बोल्ट घातले. ते जुने झाले की तेव्हाच बदलायला हवेत, ताणलेला यू-बोल्ट पुन्हा आवळून टिकत नाही. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची रेघ मारून पुढचं आणि मागचं अंतरही मोजलं. २ मिमीचा फरक. एक्सल वाकलेला नाही.

हवा. पंक्चरवाला ट्रॉली म्हटली की ६० पॉइंट ठोकतो. टायरवर जास्तीत जास्त वजनाला जी हवा लिहिलेली असते ती पूर्ण भाराला. आमच्या एका चाकावर पावणेपाचशे किलोहून जास्त येत नाही. ४२ वर आणली. थांबल्यावर टायरला हात लावून बघितला, कोमट, बाजूची भिंत फुगलेली नाही. ट्रॉलीला शॉकअॅब्सॉर्बर नसतो. जे काही झेलायचं ते पाटा आणि टायर यांनीच. टायर दगडासारखा कडक ठेवला तर उत्तम बॅलन्स केलेलं चाकही खड्ड्यावरून उडतं.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत दुकानं बंद, लाइटची कामं रोज रात्री, त्यामुळे नवीन काही नाही. फक्त नट पुन्हा आवळले. नव्यानं चढवलेली डिस्क थोडं चालल्यावर बसते आणि नट ढिले पडतात. उजवीकडचे दोन नट खरंच पाव फेरा गेले. ते ओळीनं न आवळता एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळले.

२४ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. ट्रॉली निपाणीला, संकेश्वरला आणि चंदगडच्या बाजूला जाऊन आली. बल्ब एकही गेला नाही. बॅटरीचा क्लॅम्प जिथं होता तिथं. फिल्टरचं नवं ब्रॅकेट अखंड. डाव्या चाकाच्या आतल्या काठाचं एक वजन चंदगडच्या रस्त्यावर कुठंतरी पडलं, ते जिगवर चढवून पुन्हा लावलं. क्लिप डिस्कच्या काठाच्या जाडीला जुळत नव्हती. जाड काठासाठी मोठ्या तोंडाची क्लिप वेगळी मिळते, ती मागून घ्यावी.

एकूण खर्च: उजवं बेअरिंग १,१००, दोन सील १६०, डिस्क ६००, टायर-ट्यूब ५,४००, प्लेट १,४५०, बार-बेअरिंग ४८०, वजनं २२०, आणि दुकानात गेलेले ४००. सगळे मिळून ९,८१०. यू-बोल्ट आणि तो एक उलट्या आट्याचा स्टड घरच्या सामानातले होते. टायर सोडला तर साडेचार हजारांच्या आत काम झालं. नुसत्या माउंटिंग आणि ब्रॅकेटवर मागच्या सीझनला याहून जास्त गेले होते.

डावा टायर अजून एक सीझन जाईल. तो बदलताना डिस्क उतरलीच आहे म्हणून तिचीही गोलाई मोजायची आहे, या वेळी टायरसकटच मोजली होती. प्लेट शेडमध्येच आहे. आधीच शेजारच्या गावच्या एका साउंडवाल्यानं नेऊन आपल्या ट्रॉलीची चाकं केली, त्याला एका चाकाला १४० ग्रॅम लागले. ज्यांची डिस्क साडेपाच इंची पाच स्टडची आहे त्यांनी येऊन वापरावी. फक्त बेअरिंगमध्ये ग्रीस भरू नये.